मुका मोडेम

१

समजा, तुमच्या घरात एकच फोन आहे. खिशात मावणारा नव्हे. टेबलावर ठाण मांडून बसलेला, भिंतीतून आलेल्या तारेला बांधलेला. आणि समजा, इंटरनेटसुद्धा त्याच तारेतून येतं. तेही आपोआप येत नाही, फोन करून बोलवावं लागतं. कॉम्प्युटरशेजारी एक चपटी डबी असते, तिला मोडेम म्हणतात. ती टुकटुक करत नंबर फिरवते. पलीकडे तशीच दुसरी डबी फोन उचलते. मग दोघी एकमेकींशी अशा काही किंचाळतात, की जणू पत्र्यावर खिळा ओढलाय. किंचाळून झालं की पलीकडची विचारते, नाव? इकडून नाव सांगायचं. पासवर्ड? पासवर्ड सांगायचा. पटलं तर दार उघडलं, नाही पटलं तर तिकडून फोन बंद.

केलीत कल्पना? आता तो फोन आणि ती डबी घेऊन पंचवीसेक वर्षं मागे या. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, सात मशिनांच्या एका वर्कशॉपच्या दारात उभे राहा. दसरा काल झाला. दारावरच्या झेंडूच्या माळा अजून ताज्या आहेत. शनिवारची सकाळची शाळा सुटून निशिगंधा दप्तर पाठीला लावूनच आत येते आहे. सहावीत आहे ती. हे वर्कशॉप तिच्या वडिलांचं, ज्योतीरामांचं.

आत आली आणि ती जागच्या जागी थांबली.

सातही मशीनं बंद होती आणि शेडच्या मधोमध पप्पा ओरडत होते.

"पासवर्ड काय केलास ते सांग, कुलदीप! दोन दिवसांची सुट्टी दिली नाही म्हणून डूख धरलास?"

"साहेब, म्या कशाला बदलू?" कुलदीप खाली मान घालून म्हणाला. "आईची शपथ."

"आईला मध्ये आणू नकोस. पासवर्ड दोघांनाच माहीत. तुला आणि ज्यानं ही सिस्टीम बसवली त्या धनेशला. धनेश दसऱ्याला गावी गेलाय. मग राहिलं कोण? चोर घरातच पाळलाय मी!"

कुलदीप लातूरकडचा, बावीस वर्षांचा. ड्रॉइंग काढायचा आणि कॉम्प्युटर सांभाळायचा. भोसरीतच एका खोलीत पाच जणांत राहायचा. दसऱ्याला आईला भेटायला जायचं म्हणून बुधवारी त्यानं रजा मागितली होती, ती मिळाली नव्हती, आणि दोघांची चांगलीच जुंपली होती. आज चाकणच्या एका कंपनीचं बदललेलं ड्रॉइंग ई-मेलनं यायचं होतं आणि सकाळपासून इंटरनेट लागत नव्हतं. पडद्यावर एकच वाक्य येत होतं: लॉगिन फेल, पासवर्ड तपासा.

चोर. पप्पा हा शब्द सगळ्यांसमोर म्हणाले. मशीनवरची माणसं हातातल्या चिंध्यांनी हात पुसत राहिली, वर कुणी बघेना.

निशिगंधा दारातच उभी राहिली. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, ही पप्पांची तिला सक्त ताकीद होती. आणि परवा, खंडेनवमीला, ती त्या खुर्चीवर तीन मिनिटं एकटी बसली होती. तिथे तिनं काय केलं हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. आपणही थोडं थांबू. वाईट काही केलं नव्हतं एवढं तिला नक्की वाटत होतं. मग ती पुढे का जात नव्हती?

बोलावं का? कुलदीपदादानंच तिला खुर्चीवर बसू दिलं होतं. सांगितलं तर तो आणखी अडकेल.

असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण निराळं होतं. तिला पप्पांची भीती वाटत होती.

"संध्याकाळपर्यंत पासवर्ड आठवला तर ठीक," ज्योतीराम म्हणाले. "नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

"कोण कुठे येऊ नको?" दारातून आवाज आला.

२

दारात सुमनताई होत्या, ज्योतीरामांच्या थोरल्या बहीण. रहाटणीहून भावाला सोनं द्यायला आल्या होत्या. हातात आपट्याच्या पानांची पिशवी होती. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन आणि समोर शेकडो तारा. नुसत्या खरखरीवरून कुठला खांब पडलाय हे आत्या सांगते, असं घरात म्हणायचे. अर्थात ते जरा वाढवून सांगितलेलं असायचं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी दिपालीच्या टेबलावर ठेवली. दिपाली म्हणजे ऑफिसची पोरगी, फोन घेणारी.

"जोती, चोर म्हणालास ना? मग चोरी काय झाली ते आधी बघू. दिपाली, तुझा फोन आणि मोडेम एकाच लाइनवर?"

"हो ताई. मी फोन उचलला की आतलं नेट तुटतं आणि कुलदीप माझ्या नावानं बोंबलतो. पण आज मी उचलला नाही हां! सकाळपासून घरी एक फोन करायचाय, तोही दाबून ठेवलाय."

"काल तर सुट्टी. मग परवा, खंडेनवमीला, खोलीत कोण कोण होतं?"

"कोण नव्हतं ते विचारा! पूजा ना. कुलदीपला शेठनी झेंडू आणायला पिटाळलं साडेअकराला. तो आला बाराच्या पुढे. भटजी घड्याळ बघतायत, भिमाजीकाका ह्याला शिव्या घालतायत..."

"शिव्या न्हाई, आमी फकस्त इचारलं," लेथपाशी उभा असलेला भिमाजी म्हणाला. सगळ्यांत जुना टर्नर तो. "म्हनलं, फुलं आनाया गेलतास का झाड लावाया?"

कुणीतरी फिसकन हसलं. कुलदीपसुद्धा हसला असता, पण त्यानं ओठ आवळले.

"भिमाजी, कॉम्प्युटर तुम्ही साफ केला?"

"व्हय ताई. समदी मशीनं आमीच पुसली. त्या टीव्हीवरची धूळ काढली, हार घातला, कुंकू लावलं. तारंला हात न्हाई लावला. ते आमाला कळत न्हाई, मंग कशाला?"

निशिगंधाला तो दिवस जसाच्या तसा दिसला. दरवर्षीसारखी प्रत्येकानं आपापली हत्यारं मांडली होती. कुणी मापाचा व्हर्नियर, कुणी हातोडा, दिपालीनं स्टेपलर. सगळ्या रजिस्टरांच्या पहिल्या पानावर, अगदी वर मधोमध, 'श्री' लिहायचा मान मात्र निशिगंधाचा. पप्पा म्हणायचे, कामाच्या वहीला डोक्यावर श्री पाहिजे, मगच काम सुरू. तिनं अकरा रजिस्टरांवर लिहिला होता, कुंकवाचं बोट टेकवून.

"चला आत," सुमनताई म्हणाल्या.

कॉम्प्युटरच्या खोलीत पडद्यावर झेंडूचा हार होता आणि काचेच्या वरच्या चौकटीवर भिमाजीच्या अंगठ्याएवढा कुंकवाचा टिळा. सुमनताई वाकल्या, पण त्या टिळ्याकडे बघत नव्हत्या. त्या कीबोर्डकडे बघत होत्या.

"भिमाजी, बटणांनाही कुंकू लावलंत?"

"न्हाई बा. टीव्हीलाच लावलं."

सुमनताईंनी चष्मा पुढे ओढला. काही बटणांवर कुंकू पुसट होतं, पण चार बटणांवर चांगलं ठळक. डाग लहान, चिंचोक्याएवढे.

दप्तराच्या पट्ट्यामागे निशिगंधानं उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून घेतली.

३

"आता माझ्यासमोर लावून दाखवा," सुमनताईंनी सांगितलं. "दिपाली, तू बस. कुलदीप लांबून सांगेल. जोती, तू फक्त ऐक."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ह्या कॉम्प्युटरवर युनिक्सच्या कुळातली सिस्टीम होती. चित्रं नाहीत, बाण नाही, प्रत्येक गोष्ट शब्द टाइप करून सांगायची. दिपालीनं कुलदीपनं सांगितलेला शब्द टाइप केला आणि एन्टर दाबलं.

सुमनताई बाहेर दिपालीच्या टेबलापाशी गेल्या. त्यांनी हलकेच फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, डोळे मिटले आणि उभ्या राहिल्या.

मोडेमचे दिवे लागलेले होते. ना टुकटुक, ना किंचाळणं. पाऊण मिनिटानं पडद्यावर तेच वाक्य आलं: लॉगिन फेल, पासवर्ड तपासा.

"बघ!" ज्योतीराम म्हणाले. "आता पटलं?"

सुमनताईंनी रिसीव्हर ठेवला. "पटलं. पासवर्ड कुणी बदललेला नाही."

"ताई, समोर लिहून येतंय!"

"लिहून काय, मीही लिहीन. जोती, तुझा मोडेम रोज किंचाळतो ना?"

"कान फाटतात."

"आज किंचाळला?"

ज्योतीरामांनी मोडेमकडे पाहिलं.

"पासवर्ड चुकायचा तर आधी कुणीतरी तो विचारायला हवा," सुमनताई म्हणाल्या. शाळेत फळ्याशी उभं राहून सांगावं तशा सावकाश. "विचारणार कोण? पलीकडचा. पलीकडचा भेटणार कधी? आपण नंबर फिरवल्यावर. मी पूर्ण वेळ ऐकत होते. लाइनवर नुसता डायल टोन. म्हणजे तार शाबूत, भिमाजींनी काही हलवलेलं नाही. दिपालीनं मध्ये फोन उचलला असता तर नंबर फिरून मग तुटला असता. आणि कुलदीपनं पासवर्ड बदलला असता, तर मोडेम नंबर फिरवून, किंचाळून, मग दारातून परत आला असता. पण हा घराबाहेरच पडला नाही. ह्याला कुणी जायला सांगितलंच नाही."

"मंग ते वाक्य?" भिमाजीनं विचारलं.

कुलदीपनं पहिल्यांदा मान वर केली. "काका, धनेशभाऊंनी तेवढं एकच वाक्य घालून ठेवलंय. वायर निघू दे, फोन बंद असू दे, काही बी झालं तरी हेच येतं."

दिपालीनं कपाळावर हात मारला. "आणि आम्ही सकाळपासून ह्या पोराला सोलतोय!"

ज्योतीराम मुलीकडे बघेनात, बहिणीकडेही. खिशातून रुमाल काढून त्यांनी उगाच मान पुसली. पण माघार घ्यायची सवय नव्हती.

"बरं. मग मोडेमला जायला कोण सांगतं?"

"एक फाइल आहे साहेब," कुलदीप म्हणाला. "तिच्यात नाव, पासवर्ड समदं उघडं लिहिलंय. म्हणून ती सगळ्यांना वाचता येत नाही. मुख्य नावानं आत गेलं तरच उघडते."

"उघड आणि कागदावर छाप," सुमनताई म्हणाल्या. "आम्ही सगळे इथेच उभे आहोत."

४

कुलदीपनं कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड टाइप करताना सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. निशिगंधाही वळली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघताना तिला आत कुठेतरी कळून चुकलं होतं. कागद छापू नये, प्रिंटरची रिबन संपलेली असावी, लाइट जावी, असं काहीबाही ती मनात मागत होती.

प्रिंटर कर्रकर्र करत चालला. लाइट गेली नाही.

सुमनताईंनी कागद टेबलावर पसरला. पासवर्डच्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला. "हे काय आहे ते समजाव मला. सोपं करून."

"हा संवाद आहे ताई," कुलदीप म्हणाला. शिकवायला लागला की त्याचा आवाज बदलायचा. निशिगंधाला तो आवाज आवडायचा. "पहिला शब्द काय ऐकायचं तो. दुसरा काय बोलायचं तो. पुन्हा ऐक, पुन्हा बोल. मोडेम 'ओके' म्हणाला की नंबर फिरव. 'कनेक्ट' ऐकू आलं की पुढे. 'नाव' ऐकलं की नाव सांग, 'पासवर्ड' ऐकलं की पासवर्ड सांग. सुरुवातीला मात्र काही ऐकायचं नाही. थेट मोडेमला म्हणायचं, ऊठ, तयार हो."

"एक्स्चेंजला आम्ही हेच करायचो. ऐक, बोल, ऐक, बोल." सुमनताईंनी बोट कागदाच्या वरच्या टोकाला नेलं. "मग सगळ्यात वर हे काय आहे?"

कुलदीप वाकला. पहिल्या ओळीवर इंग्रजी अक्षरांत चार अक्षरांचा एकच शब्द होता.

"एस, एच, आर, आय," दिपालीनं वाचलं. "श्री?"

भिमाजी हळूच म्हणाला, "चांगलंच लिवलंय की. देवाचं नाव हाय."

"देवाचंच आहे," सुमनताई म्हणाल्या, "पण कॉम्प्युटरला कुठे ठाऊक? त्याला ओळी कळत नाहीत, तो शब्द मोजतो. पहिला ऐकायचा, दुसरा बोलायचा. वर एक शब्द वाढला की सगळी पंगत एका पाटानं सरकली. जे बोलायचं ते ऐकायचं झालं. बिचारा मोडेमच्या तोंडून 'श्री' ऐकायची वाट बघत बसला. पाऊण मिनिट वाट बघून कंटाळला आणि म्हणाला, पासवर्ड तपासा."

दिपाली हसायला लागली आणि ज्योतीरामांचं तोंड बघून थांबली.

"कधी लिहिलंय हे कळेल?"

कुलदीपनं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर फाइलच्या नावापुढे तारीख आणि वेळ आली. गुरुवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं.

"तवा ह्यो झेंडू आनाया गेलता!" भिमाजी म्हणाला.

सुमनताईंनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. ठळक कुंकू लागलेली चार बटणं त्यांनी एकेक करून बघितली. एस. एच. आर. आय. मग त्यांनी मान वर केली आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या हाताकडे पाहिलं. भिमाजीची राठ बोटं. दिपालीची लांब नखं. ज्योतीरामांचा रुंद पंजा. दप्तराच्या पट्ट्यामागची एक मिटलेली मूठ.

त्यांनी नजर लगेच काढून घेतली.

"कुलदीप," ज्योतीराम म्हणाले, "तू बाजारात होतास, मग फाइल उघडी कुणी टाकली? आणि आत कोण बसलं?"

कुलदीपनं निशिगंधाकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्याच लिहिलं साहेब," तो म्हणाला. "जाण्याच्या आधी. पूजा होती म्हणून. ह्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं असंल."

५

खोटं होतं ते, आणि निशिगंधाला अक्षर न् अक्षर माहीत होतं. गुरुवारी तिनंच हट्ट केला होता, दादा, आत काय लिहिलेलं असतं ते दाखव ना. त्यानं ती फाइल उघडून दाखवली होती. ही ह्याची वही, म्हणाला होता. तेवढ्यात पप्पांनी झेंडूसाठी हाक मारली. हात लावू नको हां, असं सांगून तो पळाला. तिनं त्या वहीकडे पाहिलं. सगळ्या वह्यांच्या डोक्यावर श्री होता. दादाच्याच वहीला नव्हता. मराठी अक्षरं त्या कीबोर्डवर नव्हती, म्हणून तिनं इंग्रजीत लिहिला. कसं लिहायचं, कसं जपून ठेवायचं, हे त्यानंच मागे एकदा शिकवलं होतं.

"पासवर्डची फाइल, आणि तीत गंमत म्हणून काहीही लिहितोस?" ज्योतीराम म्हणत होते. आपण चुकीच्या कारणासाठी ओरडलो हे कळलं होतं, आता बरोबर कारण सापडल्याचा त्यांना आधार वाटत होता. "अर्धा दिवस घालवलास माझा. चोर नसशील, बेजबाबदार आहेस. हिशेब करून देतो. सोमवारपासून नको."

"बरं साहेब."

त्यानं तो शब्द पुसला, फाइल बंद केली. पुन्हा लावून बघितलं. टुकटुक झालं, मोडेम किंचाळला, आणि चाकणचं ड्रॉइंग हळूहळू उतरायला लागलं. मग तो उठून बेंचपाशी गेला आणि आपला डबा, पट्टी, पेन्सिली पिशवीत भरू लागला. बाहेर माणसं मशीनवर परतली. एकेक मशीन घरघरत सुरू झालं.

सुमनताई निशिगंधाला घेऊन मागच्या नळापाशी आल्या. तिनं अजून मूठ सोडली नव्हती.

"धू हात. कुंकू कधीच गेलंय, पण धू."

तिनं हात पाण्याखाली धरला आणि रडू फुटलं. "आत्या, तुला कळलंय ना? मग तू सांग ना पप्पांना. तुझं ते ऐकतात."

"ऐकतील. माझं ऐकून त्याला परत ठेवून घेतील. मग?"

"मग झालं ना."

"तो सोमवारी येईल आणि तू समोर येशील. बघशील त्याच्याकडे?"

निशिगंधानं नाक ओढलं. "मी चुकून केलं आत्या. चांगलं व्हावं म्हणून केलं."

"ते चांगलंच होतं, पोरी. लिहिलंस त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण सकाळी त्याला चोर म्हणाले तेव्हा तू कुठे होतीस?"

"दारात."

"आणि आत्ता, त्यानं आपल्या अंगावर घेतलं तेव्हा?"

नळाचं पाणी तसंच वाहत होतं. आत्यानं ते बंद केलं.

"पप्पांना केबिनमध्ये जाऊन सांगते," ती शेवटी म्हणाली.

"सांग की." सुमनताईंनी पदरानं तिचा हात पुसला. "चोर मात्र केबिनमध्ये नव्हते म्हणाले."

निशिगंधानं दप्तर तिथेच काढून ठेवलं. ती केबिनवरून पुढे गेली, काचेतून पप्पा दिसले तरी थांबली नाही. शेडच्या मधोमध, सकाळी कुलदीप जिथे उभा होता तिथे, येऊन ती उभी राहिली. ती म्हणाली, "ते मी लिहिलं होतं. दादानं नाही."

कुणी ऐकलं नाही. सात मशीनं चालू होती. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही. बेंचपाशी कुलदीप पाठमोरा पिशवीची गाठ मारत होता.

सांगून तर झालं होतं. आता माघारी वळली असती तरी खोटी ठरली नसती.

ती भिमाजीच्या लेथपाशी गेली आणि त्याची बाही ओढली. "काका, बंद करा ना. मला सगळ्यांना काहीतरी सांगायचंय." भिमाजीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता बटण दाबलं. मग ती दुसऱ्या मशीनपाशी गेली. मग तिसऱ्या. मिलिंगवाल्याला दोनदा सांगावं लागलं. केबिनचं दार उघडून पप्पा बाहेर आलेले तिला दिसले, तरी ती पाचव्याकडे गेली, सहाव्याकडे गेली. सातवं ग्राइंडिंग थांबायला वेळ लागला; त्याचं चाक फिरत फिरत, सावकाश, पार शांत झालं.

कुलदीप वळला होता.

मग ती पुन्हा मधोमध आली आणि तिनं सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.